उतारा

रात्रीचे पावणेतीन. स्विंडनमधलं माझं स्वयंपाकघर,
कानात फोन, समोर गार झालेला चहा.
पलीकडे संडरलँडचं हॉस्पिटल.
रुग्णाचं नाव कळलं तरी विसरायचं असतं,
आणि दुभाष्याचा नियम असा की
तो जे म्हणेल ते ‘मी’ म्हणूनच सांगायचं.

तेव्हा मी डॉक्टर हेदरिंग्टनना सांगते,
छतावरून मुंगळे उतरतायत, माझ्या गादीत.
सांगते, खलाशांचं जेवण राहिलंय, भात टाकायचाय,
ही बाई माझी डेग का अडवून बसली आहे?
सांगते, हे हात बघा माझे,
डोलणाऱ्या बोटीवर पंधरा वर्षं कांदा चिरला यांनी,
कधी नखाला ओरखडा नाही,
आणि आता पाण्याचा पेला धरवत नाही.

शेवटची कधी घेतलीत?
रविवारी. नात फोनवर म्हणाली,
आजोबा, तुमचे डोळे असे का?
सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या,
वास जावा म्हणून नळ चालू ठेवला कितीतरी वेळ.
“आज बुधवार,” डॉक्टर म्हणतात, स्वतःशीच.
तेही मी सांगते. सगळंच सांगायचं असतं.

मग ते थांबत थांबत बोलतात, मला जमावं म्हणून:
इतकी वर्षं दारू तुमच्या मेंदूला दाबून धरत होती,
मेंदू उलटा रेटा देत राहिला.
तुम्ही दारू एकदम काढून घेतलीत. रेटा तसाच राहिला.
म्हणून ही थरथर, घाम, काल आलेली फिट, हे मुंगळे.
यात माणूस जाऊ शकतो.
सोडायचीच, पण एकट्यानं नाही, एका रात्रीत नाही,
डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधावर, पायरी पायरीनं.

‘जाऊ शकतो’पाशी माझी जीभ अडते.
“दुभाषी, ऐकू येतंय ना?”
येतंय.

शाळेत उतारा वाचून खाली उत्तरं लिहायची.
तलाठ्याकडे उतारा. विषावर उतारा.
आणि आत्यानं अण्णांवरून ओवाळून
तिकाटण्यावर ठेवलेला तो, भात, अंडं, चिमूटभर कुंकू.

तासगाव. माझ्या लग्नाला नऊ दिवस होते.
डोक्यावर हात ठेवून अण्णांनी सोडली,
आम्ही गल्लीत पेढे वाटले.
तिसऱ्या रात्री ते कोपऱ्यात नसलेल्या कुणाशी भांडत होते,
काका म्हणाले, सोडतोय म्हटल्यावर त्रास होणारच, भोगू दे.
बाहेरून कडी घातली.
मी घातली.
पहाटे आतून आवाज थांबला तेव्हा
आई म्हणाली, लागला बाई डोळा एकदाचा.

तेवीस वर्षांनी तोच उतारा
एक परका माणूस मला वाचून दाखवतो,
आणि मला तो दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायचा आहे,
आवाज न हलता.

ऐकवते.
पलीकडे कॉटचा कठडा खडखडतो.
मग तो, एकदम शुद्धीवर आल्यासारखा,
“पण मी चांगलंच केलं ना हो?
ओतून टाकली. चांगलंच ना?”
मी डॉक्टरांना विचारते: मी चांगलंच केलं ना?
ऐकताना कळतं, हा प्रश्न
माझ्याच आवाजात फार बरोबर बसतो.

डॉक्टर लगेच बोलत नाहीत.
“सोडावीशी वाटली हे चांगलंच.
बाकी कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.”

मराठीत सांगून झालं
आणि वर माझं एक वाक्य गेलं, कुणीच न म्हटलेलं:
दार उघडंच ठेवतील हं ते.

“काय सांगितलंत त्यांना?” डॉक्टर विचारतात.
हे दुभाष्याचं स्वतःचं वाक्य, मी म्हणते,
तशी नोंद करा.
आणि डॉक्टर, दार
खरंच उघडं आहे का, एकदा बघता?